बाहेरचा सल्लागार आणि घरचा कामकरी

सुमारे तीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मी ज्या शाळेत शिकवीत होतो त्या शाळेच्या चालकांनी एका जाणत्या गृहस्थास शहराहून पाचारण केले. वेळापत्रक सुधारावे, शिक्षकांचा आणि विद्यार्थ्यांचा वेळ वाया जाऊ नये, हा हेतू. गृहस्थ विद्वान होते आणि प्रामाणिकही होते. तीन दिवस त्यांनी कचेरीत बसून हजेरीपट पाहिले, तासांची कोष्टके मांडली, आणि शाळा साडेदहाऐवजी दहा वाजता भरवावी असा निर्णय दिला. कोष्टक इतके सुबक होते की त्यात बोट शिरवावयास जागा नव्हती. शाळा दहाला भरू लागली. पण नदीपलीकडच्या दोन गावांहून मुले ज्या एस.टी.ने येत, ती गाडी गावात पोहोचे सव्वादहा वाजता. पहिला तास गणिताचा, आणि तो माझा. सहा महिने त्या दोन गावांतील मुले गणिताच्या तासाच्या मध्यावर दाराशी उभी राहत आणि मी त्यांस उशिराबद्दल बोलत असे.

गाडी केव्हा येते हे शाळेच्या शिपायास पुरतेपणी ठाऊक होते. पंचवीस वर्षे तो घंटा वाजवीत होता आणि रोज त्याच गाडीतून टपाल उतरवून घेत होता. पुढे मी त्यास विचारले, "अरे, तू हे आधी का नाही सांगितलेस?" तो म्हणाला, "गुरुजी, विचारलं असतं तर सांगितलं असतं. न विचारता बोललो, की 'तू आपली घंटा वाजव' म्हणतात." त्याचे हे उत्तर मी अद्याप विसरलो नाही. आज ज्या विषयावर चार शब्द बोलावयाचे आहेत, त्याचे बीज त्या उत्तरात आहे.

विषय असा की, एखाद्या कारखान्यात किंवा कंपनीत मोठा निर्णय घ्यावयाचा झाल्यास सल्ला कोणाचा घ्यावा? बाहेरून द्रव्य देऊन आणलेल्या तज्ज्ञाचा, की जो तेथेच वर्षानुवर्षे राबत आहे त्या कामकऱ्याचा? आजकाल मोठमोठ्या कंपन्या सल्लागारांस भरपूर मोबदला देऊन बोलावितात, आणि इकडे कामगारांच्या सूचनांसाठी भिंतीवर टांगलेली पेटी धूळ खात असते. हा प्रश्न आजचा नव्हे. त्यास सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासातील काही प्रसंग मनन करण्याजोगे आहेत.

हा इतिहास अमेरिकेतील फ्रेडरिक विन्स्लो टेलर ह्या गृहस्थापासून आरंभणे योग्य होईल. टेलर हा फिलाडेल्फियाच्या सुखवस्तू घराण्यातील मुलगा; परंतु त्याने उमेदवारी केली ती नमुने घडविणाऱ्याच्या आणि यंत्रकामगाराच्या हाताखाली. १८७८ साली तो मिडव्हेल नावाच्या पोलादाच्या कारखान्यात साधा मजूर म्हणून लागला आणि चढत चढत मुख्य इंजिनियर झाला. पुढे १८९३ पासून तो स्वतंत्र सल्लागार म्हणून कारखान्याकारखान्यांतून हिंडू लागला. कारखान्याची व्यवस्था लावून देणे हाच ज्याचा धंदा, अशा मनुष्यांच्या मालिकेत त्याचे नाव अगदी आरंभी घ्यावे लागते.

टेलरविषयी आपल्याकडे दोन टोकांची मते ऐकू येतात. कोणी त्यास कामगारांचा वैरी म्हणतात, कोणी कार्यक्षमतेचा आद्य आचार्य म्हणतात. वस्तुतः त्याने एक खरी गोष्ट हेरली होती. कामगार स्वतः असताना त्याने पाहिले की, माणसे जाणूनबुजून सावकाश काम करितात, आणि ती आळशी आहेत म्हणून नव्हे. नगावर मजुरी असली आणि एखाद्याने चपळाईने दीडपट नग काढले, की मालक लगेच नगाचा दर उतरवितो. म्हणजे श्रम वाढतात आणि मजुरी तेवढीच राहते. हा अनुभव एकदा आला की शहाणा कामगार आपल्या हातातील युक्ती कोणासही दाखवीत नाही. टेलरने रोगाचे निदान अचूक केले. उपाय मात्र त्याने असा योजिला की, कामगाराजवळचे हे ज्ञान घड्याळ लावून त्याच्याकडून काढून घ्यावे, ते कचेरीतील आराखडे करणाऱ्यांच्या हाती द्यावे, आणि कामगारास काय, कसे व किती वेळात करावयाचे ते लिहून द्यावे. विचार करणारा एक आणि हात चालविणारा दुसरा, अशी ही वाटणी होती.

ह्या वाटणीची परीक्षा १९११ साली वॉटरटाउन येथे झाली. बॉस्टन शहराजवळ चार्ल्स नदीच्या काठी अमेरिकन सरकारचा शस्त्रकारखाना होता. तेथे तोफांचे गाडे बनत. लष्कराच्या शस्त्रखात्याचे प्रमुख जनरल विल्यम क्रोझियर हे टेलरच्या पद्धतीवर लुब्ध झाले होते. त्यांनी टेलरचा शिष्य कार्ल बार्थ ह्यास १९०९ साली सल्लागार म्हणून तेथे आणिले. यंत्रशाळेत त्याने केलेल्या कित्येक सुधारणा खरोखरच उपयुक्त होत्या. हत्यारे वेळेवर मिळू लागली, यंत्रांचा वेग ठीक बसविला गेला, माल कोठे अडतो ते दिसू लागले. ह्यास कोणी फारसा विरोध केला नाही.

कलह पेटला तो ओतशाळेत. ऑगस्ट १९११ मध्ये बार्थचा एक सहकारी स्टॉपवॉच घेऊन ओतकाम करणाऱ्यांमागे उभा राहिला. साचा भरावयास किती वेळ लागतो ह्याची टिपणे तो घेऊ लागला. हा मनुष्य यंत्रशाळेतील कालमापनात वाकबगार असला, तरी ओतकामाचा त्यास अनुभव नव्हता. श्रोत्यांपैकी ज्यांनी ओतशाळा पाहिली असेल त्यांस ठाऊक आहे की, वाळूचा साचा हा घड्याळावर तयार होत नाही. वाळूत ओल किती, ती ठोकावी किती घट्ट, वाफ निघून जाण्यास छिद्रे कोठे ठेवावीत, हे हाताला कळते. घाईत ठोकलेला साचा दिसावयास तसाच दिसतो. धातू ओतल्यावर मात्र त्याचे व्यंग बाहेर पडते. त्या कुशल कारागिरांस वाटले की, ज्यास आपले काम कळत नाही तो आपल्या कामाचा वेळ ठरविणार. संध्याकाळी ते एकत्र जमले, हा प्रकार मानहानीचा असून तो बंद करावा असा अर्ज त्यांनी लिहिला. दुसऱ्या दिवशी, ११ ऑगस्ट रोजी, त्यांतील एकाने घड्याळाखाली काम करण्यास नकार दिला. त्यास कामावरून काढण्यात आले आणि ओतशाळेतील सर्वच कारागीर कारखान्याबाहेर पडले.

संप आठवडाभरच टिकला. चौकशीचे आश्वासन मिळताच मंडळी कामावर परतली. पण त्या आठवड्याचे पडसाद दूरवर गेले. अमेरिकन काँग्रेसने चौकशी समिती नेमिली. तिचे अध्यक्ष विल्यम विल्सन हे स्वतः पूर्वायुष्यात कोळशाच्या खाणीत राबलेले होते. जानेवारी १९१२ मध्ये खुद्द टेलरची साक्ष ह्या समितीपुढे अनेक दिवस चालली. समितीने तत्काळ कायदा सुचविला नाही; परंतु १९१५ साली लष्कराच्या खर्चाच्या मंजुरीस अशी अट जोडण्यात आली की, ह्या पैशांतून स्टॉपवॉचने कामगारांचे मापन करू नये व त्यावर बक्षिसी बेतू नये. त्याच महिन्यात, मार्च १९१५ मध्ये, टेलर निवर्तला. ही बंदी पुढे १९४९ पर्यंत वर्षानुवर्षे चालू राहिली.

आता ह्या प्रसंगातील एक बारकावा ध्यानात घ्यावा. ओतशाळेत कामगारांचे मन अगोदर न वळविता घाईने घड्याळ नेले ही चूक झाली, असे टेलरचेही म्हणणे पडले. म्हणजे कामगारांशी अगोदर बोलावयास हवे होते हे गुरूस मान्य होते. पण 'बोलावे' म्हणजे काय? टेलरच्या मते बोलणे म्हणजे समजूत घालणे. कारागिरास काही ठाऊक आहे आणि ते ऐकून आपला आराखडा बदलावा लागेल, ही शक्यता त्याच्या पद्धतीत फारशी धरलेली नव्हती. शिकविणे आणि विचारणे ह्यांत जे अंतर आहे ते मला, शिक्षकाच्या धंद्यात आयुष्य गेल्यामुळे, चांगले ठाऊक आहे. शिकविताना उत्तर आपल्यापाशी असते. विचारताना ते दुसऱ्यापाशी असू शकते.

ह्याच अमेरिकेत पंचवीस वर्षांनी दुसरा एक प्रयोग झाला, आणि त्याचा कर्ता मात्र कारखान्याच्या आतला होता. जोसेफ स्कॅनलन हे त्याचे नाव. हा एके काळचा मुष्टियोद्धा. पुढे हिशेबनीस झाला, आणि नंतर पोलादाच्या भट्टीवर काम करू लागला. ओहायो संस्थानातील मॅन्सफील्ड गावी तो ज्या पोलादाच्या कंपनीत होता, ती १९३० नंतरच्या मंदीत डबघाईस आली होती. यंत्रे जुनाट, नफा नाही. आणि कामगार तर मजुरीवाढ मागत होते. स्कॅनलन हा तेथील कामगार संघाचा अध्यक्ष. मजुरी वाढविली तर कारखाना बुडतो, न वाढविली तर माणसे उपाशी मरतात, असा पेच पडला. तेव्हा त्याने मालकासह पिट्सबर्ग येथील पोलाद कामगारांच्या मध्यवर्ती संघटनेचे कार्यालय गाठले. तेथून सल्ला मिळाला तो असा: घरी परत जा, आणि एकूण एक कामगारास विचारा की नासाडी कोठे होते, खर्च कोठे वाचेल.

त्याप्रमाणे त्यांनी विचारले. प्रत्येक खात्यातून सूचना आल्या. कोणत्या भट्टीत इंधन व्यर्थ जळते, कोणता माल दोनदा उचलावा लागतो, कोणत्या मापातील चुकीमुळे पत्रे बाद होतात, असल्या गोष्टी जे रोज पाहत होते त्यांनीच सांगितल्या. कारखाना तगला आणि मजुरीही वाढली. पुढे स्कॅनलनने ह्यास पद्धतीचे रूप दिले. विकलेल्या मालाच्या किमतीत मजुरीचा जो वाटा नेहमी पडतो तो आधी ठरवून घ्यावयाचा. सूचनांमुळे तो खाली आला की जी बचत होईल तिचा हिस्सा सर्वांस दरमहा वाटावयाचा. आणि प्रत्येक खात्यात कामगार व अधिकारी ह्यांची समिती बसवून सूचनांचा विचार करावयाचा. १९४६ साली मॅसॅच्युसेट्सच्या विख्यात तंत्रशिक्षण संस्थेने त्यास अध्यापनासाठी बोलाविले. तेथून तो इतर कारखान्यांस हीच पद्धत बसवून देऊ लागला. म्हणजे घरचा कामकरी शेवटी बाहेरचा सल्लागार झाला! १९५६ साली तो वारला.

टेलर आणि स्कॅनलन ह्यांची तुलना केल्यास एक गोष्ट स्पष्ट दिसते. कामगार आपले ज्ञान झाकून ठेवितो हे दोघांसही माहीत होते. टेलरने झाकण फोडून आतले घेण्याचा यत्न केला. स्कॅनलनने झाकण का बसले ते पाहिले. बचतीचा हिस्सा मिळेल आणि दर उतरणार नाहीत, ही खात्री पटल्यावर कामगाराने झाकण आपण होऊन उघडले.

आता आपल्या देशाकडे वळू. आमच्या मुंबईत ह्या प्रश्नाने १९२८ साली उग्र रूप धारण केले होते. जपानी कापडाची स्पर्धा आणि मंदी ह्यांनी गिरण्या टेकीस आल्या होत्या. तेव्हा काही गिरण्यांनी, विशेषतः ससून समूहाच्या गिरण्यांनी, नव्या कार्यक्षमतेच्या योजना लागू केल्या. पूर्वी एक विणकर दोन साचे चालवी, त्याने आता तीन चालवावेत, अशा स्वरूपाची ही योजना होती. इतर देशांतील विणकर ह्याहून अधिक साचे चालवितात, मग मुंबईचा का नाही, असा सवाल टाकण्यात येई. कागदावर हा सवाल बिनतोड होता. पण साच्याजवळ उभ्या राहणाऱ्या माणसास ठाऊक होते की, एक विणकर किती साचे सांभाळू शकेल हे विणकरावर जितके अवलंबून असते तितकेच सुतावर असते. कापूस हलका, सूत कच्चे, तार घडोघडी तुटणार. अशा स्थितीत तिसरा साचा म्हणजे तिसरे संकट. चांगले सूत आधी द्या, मग साच्यांची संख्या बोला, हे उत्तर त्याच्या ओठावर होते. ते ऐकून घेणारे, मालक आणि विणकर दोघांसही मान्य होईल असे स्थानच गिरणीत नव्हते.

एप्रिल १९२८ मध्ये सार्वत्रिक संप सुरू झाला आणि तो ऑक्टोबरपर्यंत चालला. सुमारे दीड लाख माणसे सहा महिने घरी बसली. गिरणगावातील किती बिऱ्हाडे कोकणात आणि घाटावर परतली असतील, किती भांडी मारवाड्याच्या दुकानी गहाण पडली असतील, ह्याची कल्पनाच केलेली बरी. ह्याच संपात गिरणी कामगार युनियन उदयास आली, आणि तिचे अध्यक्ष अर्जुन आत्माराम आळवे हे स्वतः गिरणीत राबणारे होते. शेवटी न्यायमूर्ती फॉसेट ह्यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमण्याच्या बोलीवर संप मिटला. जे सहा महिन्यांच्या उपासमारीनंतर समितीपुढे सांगावे लागले, ते आरंभीच शांतपणे ऐकता आले असते काय? मला वाटते, पुष्कळसे ऐकता आले असते. वादाचा समूळ निरास झाला असता असे मात्र मी म्हणत नाही, कारण मजुरी आणि नफा ह्यांतील तंटा केवळ संभाषणाने संपत नसतो.

ह्या पार्श्वभूमीवर पंचवीस वर्षांनी अहमदाबादेस जे घडले ते ऐकण्यासारखे आहे. अहमदाबादची कॅलिको मिल ही साराभाई घराण्याची गिरणी. तिच्यात जून १९५२ मध्ये नवे स्वयंचलित साचे बसविण्यात आले. साध्या साच्यात धोट्यातील कांडी संपली की विणकरास साचा थांबवून ती बदलावी लागते. नव्या साच्यात यंत्रच कांडी बदलते. साहजिकच कापड अधिक आणि चांगले निघेल अशी सर्वांची अपेक्षा होती. तज्ज्ञांनी कामांचे मोजमाप करून माणसे नेमून दिली होती. २२४ साचे आणि २९ माणसे. त्या २९ जणांत बारा-तेरा प्रकारची कामे. विणकर वेगळा, कांड्या भरणारा वेगळा, तुटलेले ताणे सांधणारा वेगळा, बीम चढविणारा वेगळा, जॉबर वेगळा, तेलवाला वेगळा, झाडूवाला वेगळा.

हिशेब बरोबर होता, पण कापड निघेना. उत्पादन अपेक्षेप्रमाणे वाढले नाही आणि सदोष कापडाचे प्रमाण मात्र वाढले. तेव्हा कंपनीचे अध्यक्ष गौतम साराभाई ह्यांनी लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेतील ए. के. राइस ह्यांस सल्लागार म्हणून आणिले. राइस हे विणकामाचे तज्ज्ञ नव्हते. माणसे एकत्र काम कशी करितात हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. त्यांनी साचेखात्यात कोण कोणासाठी राबतो हे पाहावयास आरंभ केला, आणि एक विलक्षण गोष्ट दिसून आली. विणकराकडे २४ ते ३२ साचे, कांड्या भरणाऱ्याकडे ४० ते ५०, ताणे सांधणाऱ्याकडे ६० ते ८०, असे प्रत्येकाचे क्षेत्र वेगळे. म्हणजे एका विणकराच्या साच्यांपैकी काहींत कांड्या भरणारा एक, तर उरलेल्यांत दुसरा. कोणाच्या सीमा कोणाशी जुळत नव्हत्या. एखादा साचा बंद पडला तर तो नेमका कोणाचा, हे सांगता येत नव्हते. एकाच घरात प्रत्येक खोलीस वेगळे भाडेकरू असावेत आणि अंगण कोणाचेच नसावे, तसा तो प्रकार होता.

राइस ह्यांनी एक साधी कल्पना मांडली. साच्यांचा एक गट आणि त्या गटासाठी माणसांची एक टोळी, असे का करू नये? ही कल्पना त्यांनी अध्यक्ष, व्यवस्थापक, देखरेख करणारे आणि कामगार ह्यांच्यापुढे चर्चेसाठी ठेवली. पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. कल्पना कानी पडताच कामगारांनी ती उचलली आणि आपापल्या टोळ्या त्यांनी स्वतःच जमविल्या. कोण कोणाबरोबर काम करील, कोणाचे कोणाशी जमते, हे त्यांच्याहून अधिक कोणास माहीत असणार? मार्च १९५३ मध्ये नवी रचना सुरू झाली. एकमेकांस हात देण्याची मोकळीक मिळाली. कांड्या भरणारा रिकामा असला तर तो ताणे सांधण्यास धावू लागला. आरंभी चढउतार झाले, परंतु रचना स्थिरावल्यावर साच्यांची कार्यक्षमता सुमारे ८० टक्क्यांवरून ९५ टक्क्यांवर गेली, आणि सदोष कापडाचे प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर उतरले. साचे तेच आणि खातेही तेच होते. बदलली होती ती कामाची रचना.

ह्या ठिकाणी आपण न्यायाने बोलले पाहिजे. 'कामगारास सर्व कळते, बाहेरच्याचे काय काम?' असे म्हणणारे लोक ह्या प्रसंगाने निरुत्तर होतात. नवे साचे आल्यापासून बाहेरचा मनुष्य विचारीपर्यंत नऊ महिने लोटले, त्या अवधीत आतल्या कोणास ही तोड सुचली नव्हती, किंवा सुचली असल्यास ती वर पोहोचली नव्हती. पाण्यातील माशास पाणी दिसत नाही असे आपण म्हणतो. रोजच्या सवयीने कित्येक दोष आपल्या दृष्टीआड होतात, आणि ते पाहण्यास नवी दृष्टी लागते. शिवाय खात्याखात्यांत मत्सर असतो, वरिष्ठांचे भय असते. बाहेरच्याचे तेथे काही गुंतलेले नसते, म्हणून तो निर्भयपणे प्रश्न करू शकतो. उलटपक्षी, 'तज्ज्ञ सांगेल तेच खरे' म्हणणारेही निरुत्तर होतात. कारण २९ माणसांची पहिली वाटणीही तज्ज्ञांनीच मोजून केलेली होती.

अहमदाबादची कथा येथेच संपविली तर ती पाठ्यपुस्तकातील गोष्टीसारखी गोड होईल. पण इतिहास तसा नाही. १९७० साली राइस ह्यांचे सहकारी एरिक मिलर ह्यांनी तेथे जाऊन पुन्हा पाहणी केली. एका खात्यात टोळ्यांची पद्धत सोळा-सतरा वर्षांनंतरही जवळजवळ तशीच टिकली होती. इतर खात्यांत मात्र कापडाचे प्रकार बदलत गेले, कामाचा ताण वाढला, आणि माणसे हळूहळू जुन्या वाटणीकडे वळली होती. पुढे शतकाच्या अखेरीस ती गिरणीही बंद पडली, जशा आमच्या मुंबईच्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. चांगली व्यवस्था एकदा लावून दिली म्हणजे ती आपोआप टिकते असे नाही. विचारणे हे रोजचे काम आहे. सल्लागार आला, विचारून गेला आणि पुन्हा कोणी विचारीनासे झाले, तर लावलेले रोप पाण्यावाचून सुकते.

मग प्रश्नाचे उत्तर काय? इतिहासावरून मला जे दिसते ते असे. सल्लागार बाहेरचा की कामकरी घरचा, हा वाद आपण ज्या रीतीने मांडितो ती रीतच थोडी चुकते. खरी कसोटी ही की, ज्याच्या हाती काम आहे त्याचे ज्ञान निर्णयात उतरले की नाही. वॉटरटाउनच्या ओतशाळेत ते उतरले नाही, मुंबईत १९२८ साली उतरले नाही. मॅन्सफील्डला आणि अहमदाबादेस ते उतरले. एके ठिकाणी आतल्याने विचारले, दुसऱ्या ठिकाणी बाहेरच्याने. आणि केवळ विचारूनही भागत नाही. ज्यास विचारले त्यास अभय हवे. खरे सांगितल्याने माझी मजुरी कापली जाणार नाही, माझ्या सोबत्याची नोकरी जाणार नाही, आणि 'तू आपली घंटा वाजव' असे मला कोणी म्हणणार नाही, एवढी हमी नसेल तर सूचनांची पेटी रिकामीच राहील, आणि तिच्या रिकामेपणावरून 'आमच्या माणसांस काही सुचतच नाही' असा उलटा निष्कर्ष निघेल.

म्हणून जे कोणी कंपनीचे, संस्थेचे, पतपेढीचे किंवा शाळेचे चालक हे भाषण ऐकत असतील त्यांस माझे सांगणे एवढेच की, सल्लागार अवश्य आणा. पण तो कचेरीत किती वेळ बसला आणि कामाच्या जागी किती वेळ उभा राहिला, ह्याचा हिशेब त्याच्याकडून मागा. त्याच्या अहवालात तुमच्या माणसांनी सांगितलेले काय आहे ते प्रथम वाचा. आणि माणसांनी जे सांगितले त्यातील काय स्वीकारले, काय नाकारले व का, हे त्यांस परत जाऊन सांगा. नाकारल्याचे दुःख माणूस सोसतो. ऐकलेच नाही ह्याचे मात्र सोसत नाही.

शेवटी माझ्या शाळेविषयी एक कबुली देणे उरले आहे. त्या वेळापत्रकाच्या सभेस मी स्वतः हजर होतो. गाडीची नक्की वेळ मला ठाऊक नव्हती हे खरे. परंतु पलीकडच्या गावची मुले गाडीने येतात हे तर मला ठाऊक होते. तरी मी गप्प बसलो. तज्ज्ञापुढे आपण मॅट्रिक झालेल्या मास्तराने काय बोलावे, असा संकोच मला वाटला. आणि पुढे सहा महिने त्या मुलांस उशिराबद्दल बोलणारा मीच होतो. म्हणजे शिपायास ज्या भयाने गप्प केले त्याच भयाने मलाही गप्प केले होते, आणि मी ते पुढे मुलांवर लोटीत होतो. अखेर शिपायाचे म्हणणे मी मुख्याध्यापकांच्या कानी घातले. दुसऱ्या सत्रापासून घंटा पुन्हा साडेदहाला वाजू लागली, आणि ती वाजविण्यापूर्वी आमचा शिपाई दाराबाहेर जाऊन गाडी आली की नाही ते पाहून येई. त्या वर्षी गणितात मागे पडलेल्या मुलांस मी उन्हाळ्याच्या सुटीत बसवून शिकविले. पण ती सगळीच काही परत आली नाहीत.